“आडनाव सांगू नकोस” म्हणणाऱ्या आपल्याच शहाण्यांना

मागच्या महिन्यात सावलीच्या विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर एक काका पोरीला घेऊन माझ्याजवळ आले. तालुक्यातल्याच एका खेड्यातले, दीड एकर धानाची शेती. पोरगी नर्सिंग शिकली, पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली, एक तारखेला हजर व्हायचे होते. काकांचा प्रश्न साधा होता. “ताई, पोरगीले पुण्याले रूम कोन्या एरियात पाहाव? सेफ पायजे, अन् परवडली पायजे.”

मी काही बोलायच्या आत आमच्यातलेच एक सेवानिवृत्त अधिकारी बोलू लागले. नागपूरला त्यांचे दुमजली घर आहे, गावाकडे वर्षातून दोनदा येतात, विहाराला देणगी देतात, लोक त्यांचे ऐकतात. ते म्हणाले, “बेटा, चांगल्या एरियातच राहायचं. ब्रोकरला फक्त पहिलं नाव सांग. आडनाव विचारलंच तर वडिलांचं नाव आडनावासारखं सांग. नॉनव्हेज खात नाही म्हण. बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेव, भिंतीवर नको. फोनवर जयभीम म्हणू नको, हॅलो म्हण. एकदा का अॅग्रीमेंट झालं की मग कोण काय करतं?” सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरीनेही डोलावली. मी वडीलधाऱ्या माणसाचा मान म्हणून गप्प बसले. त्या दिवशी जे बोलायला पाहिजे होते ते आज लिहिते आहे.

त्या काकांना, आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक विहारातल्या, प्रत्येक लग्नातल्या, प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या शहाण्यांना माझा सरळ प्रश्न आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावता येत नाही, स्वतःचे नाव उच्चारता येत नाही, घरून फोन आला तर बाल्कनीत जाऊन हळू बोलावे लागते, अशा खोलीला तुम्ही ‘सेफ’ कोणत्या अर्थाने म्हणता?

हे मी पुस्तक वाचून विचारत नाही. मी स्वतः हे केले आहे. नागपूरला समाजशास्त्रात एम.ए. करताना वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून पश्चिम नागपुरात एका घरी मागची खोली घेतली. आमचे आडनाव आमच्याकडे कुणब्यांतही असते. घरमालकीण बाईंनी “तुम्ही कुणबी ना?” असे विचारले आणि मी ‘हो’ही म्हटले नाही, ‘नाही’ही म्हटले नाही, नुसती हसले. त्या हसण्याच्या भरवशावर मी तिथे सात महिने राहिले. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचे होते. पांढरी साडी पिशवीत कोंबली, अंगात रोजचा ड्रेस घालून निघाले, मैत्रिणीच्या खोलीवर साडी बदलली आणि परत येताना पुन्हा ड्रेस घातला. सहा दशकांपूर्वी ज्या शहरात लाखो माणसांनी उघड्या मैदानावर उभे राहून जुने ओझे फेकून दिले, त्याच शहरात मी, त्यांची शिकलेली नात, साडी लपवत फिरत होते. आठवले की आजही कान तापतात.

पुढे कोणीतरी सांगितलेच. सांगणारा नेहमी असतो. बाई वाईट वागल्या नाहीत, हे मुद्दाम लिहिते. त्या म्हणाल्या, “पोराचं लग्न काढलंय, खोली लागते.” डिपॉझिटातून रंगकामाचे पैसे कापले. महिन्याभराने दुसरी मुलगी त्या खोलीत राहायला आली. पोराचे लग्न काही झाले नाही. मी बाडबिस्तरा घेऊन इंदोऱ्यात आले आणि तिथे पहिल्या रात्री भिंतीला खिळा ठोकला.

आता हे शहाणे लोक यावर काय म्हणतात ते मला माहीत आहे. “बाबासाहेबांनीसुद्धा बडोद्यात नाव लपवले होते.” होय, लपवले होते, आणि ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९१७ साली अमेरिका-इंग्लंडातून शिकून आलेला माणूस बडोदा संस्थानाच्या नोकरीवर हजर व्हायला गेला. हिंदू हॉटेलात प्रवेश नाही म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिला. ही आठवण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आहे. पण आमचे शहाणे ती अर्धीच वाचतात. पुढे काय झाले? अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. एका हिंदू मित्राकडे विचारले, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. कोलंबियाचा विद्यार्थी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

म्हणजे लपवल्याने मिळाले काय? अकरा दिवस. ही घटना बाबासाहेबांनी युक्ती म्हणून सांगितलेली नाही. कोणतीही युक्ती चालत नाही, ख्रिस्ती-पारशीसुद्धा हिंदूंच्या जातीचा आजार अंगावर घेऊन वावरतात, हे दाखवायला सांगितली आहे. तिचा दाखला देऊन आज पोरीबाळींना नाव गिळायला शिकवणे म्हणजे ज्या जखमेकडे त्यांनी बोट दाखवले तिलाच औषध म्हणणे होय. आणि नंतर त्यांनी काय केले? परळच्या बी.आय.टी. चाळीत वर्षानुवर्षे काढल्यावर त्यांनी स्वतःच्या नावाने घर बांधले, ते दादरच्या हिंदू कॉलनीत. ‘राजगृह’ हे बौद्ध इतिहासातले नाव दारावर लावून बांधले. तिथेही सगळे सुरळीत आहे असे नाही, २०२० च्या जुलैमध्ये त्याच राजगृहात घुसून तोडफोड झालीच. पण तिथे ते कोण आहेत हे कोणाला विचारावे लागत नव्हते.

बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहाचे नावच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. त्यातला नायकही परगावी नोकरीला गेलेला, खोलीसाठी जात दडवणारा तरुण. त्याचे शेवटी काय होते ते ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. साठ वर्षे झाली. आम्ही तेच धडे पोरींना देतो, फक्त आता त्याला ‘प्रॅक्टिकल’ म्हणतो.

दुसरा शब्द घेऊ, ‘चांगला एरिया’. आमच्या सावली तालुक्यात सुरक्षित-असुरक्षित म्हटले की वाघ आठवतो. जंगलाला लागून शेते आहेत, माणसे मेली आहेत, वनखाते पाट्या लावते. शहरातल्या ब्रोकरच्या तोंडी हा शब्द आला की त्याचा अर्थ वेगळा होतो. “मॅडम, एकदम सेफ एरिया, सगळे चांगले लोक आहेत.” मी एकदा एका ब्रोकरला विचारले, चांगले म्हणजे कसे? तो म्हणाला, “म्हणजे आपलेच लोक, मिक्स नाही.” ‘मिक्स नाही’ हे त्याच्या सुरक्षिततेचे माप. रस्त्यावर दिवा आहे का, रात्री साडेनऊला शेअर ऑटो मिळतो का, पोलीस चौकी किती लांब, पाणी कधी येते, हे त्याच्या मापात नाहीच. एकट्या पोरीला रात्रपाळीवरून परतताना लागतात ती मापे मात्र हीच आहेत. उलट, रात्रपाळी आहे म्हटले की निम्मे ‘चांगले लोक’ खोली नाकारतात. वॉर्डात तुमच्या म्हाताऱ्या आईचे बेडपॅन उचलायला ती चालते, मात्र रात्री बाराला तुमच्या जिन्यावरून गेली की तुमच्या इमारतीचे नाव खराब होते!

पुण्यात विदर्भातली आडनावे पटकन ओळखू येत नाहीत, म्हणून तिथे प्रश्न वळणावळणाने येतात. गाव कोणते? पूर्ण नाव? घरी गणपती बसतो का? कुलदैवत कोणते? मग शेवटी, “आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही हं.” ही शाकाहाराची अट निव्वळ जेवणाची असती तर महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींना खोली मिळाली नसती. मटण खाणाऱ्या कितीतरी ‘चांगल्या’ आडनावांना ती सहज मिळते, “घरात शिजवू नका, बाहेर खा” एवढ्या सवलतीवर. आम्हाला आणि मुसलमानांना तीच अट भिंत बनून आडवी येते. २०१७ साली याच पुण्यात एका उच्चपदस्थ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकीण बाईने जात लपवून सोवळे मोडले म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती, हे विसरू नका. जात लपवणे सुरक्षित आहे म्हणणाऱ्यांनी तर अजिबात विसरू नये. लपवल्याचे उघड झाले की फसवणूक करणारे तुम्ही ठरता, विचारणारा नाही.

हे सगळे एका-दोघांचे रडगाणे आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आकडे. आपल्याच विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची चाचणी घेतली, ती २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आली. पद्धत सोपी: एकाच घरासाठी सवर्ण, दलित आणि मुस्लिम ओळख सांगणाऱ्या माणसांनी विचारायचे. फोनवर सवर्णांपैकी एकालाही सरळ नकार मिळाला नाही. दलितांपैकी सुमारे १८ टक्के आणि मुस्लिमांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना तोंडावर नकार. आणि ज्यांना होकार मिळाला त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ‘हो, पण’ होते. जास्त भाडे, जास्त डिपॉझिट, जास्तीच्या अटी. त्याआधी २०१२ साली त्याच नियतकालिकात त्रिना विठ्ठयतिल आणि गायत्री सिंग यांनी २००१ च्या जनगणनेवरून देशातल्या सात सर्वांत मोठ्या महानगरांचा हिशोब मांडला होता. शहरात माणसे गरीब-श्रीमंत अशी जेवढी वेगळी राहतात, त्याहून जास्त ती जातीने वेगळी राहतात, असे त्यातून दिसले. ज्यांना अजूनही वाटते की शहरात जात नाही, फक्त पैसा आहे, त्यांनी हा हिशोब खोडून दाखवावा.

म्हणून ‘परवडणारे’ हा शब्दही आपल्यासाठी सरळ नाही. दुसऱ्याला जी खोली चार हजारांत मिळते ती आपल्याला एकतर पाचात मिळते किंवा मिळत नाही. तो वरचा हजार कसला? त्याला मी जातीचा कर म्हणते. सरकारला हे कळते का बघा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी ठरवलेली रक्कम वर्षाला ६०,००० रुपये. त्यातले ३२,००० जेवणाचे, ८,००० निर्वाहाचे आणि २०,००० राहण्याचे. वीस हजाराला बाराने भागा. महिन्याला १,६६६ रुपये. पुण्यातल्या पेठांत कॉट बेसिसवर नुसती एक खाट, खाली पेटी ठेवायच्या जागेसह, याच्या दुपटीला मिळाली तर नशीब. योजना नको असे कोणी म्हणत नाही, तिच्यामुळे आमच्या तालुक्यातली पोरे शिकली आहेत. पण हा आकडा लिहिणाऱ्या हाताने कधी टू-लेटच्या पाटीवर फोन केला होता का? बाबासाहेबांचे नाव योजनेला आणि त्यांच्या पोरांना चौघांत एक खोली!

कायद्याचे काय? इथे आपल्या लोकांचे अज्ञान मला सर्वांत जास्त बोचते. संविधानाचे कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावे घेऊन सांगते की जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. भाड्याच्या घराचे नाव त्यात नाही. घटना समितीत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी व्यापक सांगितला होता, पण घरमालकाला तेवढ्यावर कोर्टात कोण उभे करणार? उलट २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, संस्थेला आपले सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवता येते, असा निकाल दिला. पारशी संख्येने थोडे, त्यांचे दुखणे वेगळे, हे मी समजू शकते. पण त्या निकालाच्या आडोशाला आज कोण कोण बसले आहे ते बघा.

आणि तरी कायदा अगदीच मुका नाही. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा गुन्हा आहे. कोणत्याही वस्तीत, असे शब्द आहेत. कलम १२ तर असे सांगते की पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावे. किती वापरले आपण हे कलम? माझ्या ओळखीतल्या एकानेही नाही, मी स्वतःही नाही. आता शिक्षा ऐका: एक ते सहा महिने कैद आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. पाचशे रुपये! ब्रोकर खोली दाखवायचे याहून जास्त घेतो. राहायला आलेल्याला जातीवरून घर सोडायला लावले तर ॲट्रॉसिटी कायद्यात त्यासाठी कलम आहे. म्हणजे आत घेऊन हाकलले तर ॲट्रॉसिटी, आणि उंबऱ्यावरूनच परतवले तर जास्तीत जास्त पाचशेचा दंड. घरमालकांना हे कळण्यासाठी वकील लागत नाही, ते उंबऱ्यावरच विचारतात.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली गेली, कारण त्या मराठी. त्यांचा व्हिडिओ फिरला. राज्य पेटले, मनसेचे कार्यकर्ते पोहोचले, माफी मागितली गेली. पंकजा मुंडे यांनीही आपल्याला असा अनुभव आल्याचे सांगितले. त्या बाईंच्या बाजूने मी तेव्हाही होते, आजही आहे. पण माझे विचारणे एवढेच, की पुण्यात, नाशकात, नागपुरात बौद्ध मुलीला मराठी घरमालक मराठीतून “तुम्हाला नाही जमणार” म्हणतो तेव्हा हा मराठी बाणा कुठे जातो? ती मराठी नाही का? तिच्यासाठी एक तरी गाडी, एक तरी झेंडा आला का? आम्ही मराठी होतो ते मोर्चात माणसे कमी पडली की, खोली मागताना आम्ही फक्त ‘ते’ असतो.

आता काही जण दुसऱ्या टोकाला जातात. “मग कशाला जायचे शहरात? आपले गाव बरे.” आमच्या सावलीत हे जरा जास्तच बोलले जाते, कारण इथे १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते, गांधीजी आले होते, खादीचे आणि आदर्श खेड्याचे गोडवे अजून सांगितले जातात. त्याच वर्षी बाबासाहेबांचे ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापून आले, हे मात्र कोणी सांगत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याच्या त्या कौतुकाच्या चिंध्या केल्या. २९ सप्टेंबर २००६ ला शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजीत जे झाले ते शहरात झाले नव्हते. भोतमांगे कुटुंबाची स्वतःची जमीन होती, पोरे शिकत होती, आणि गाव त्यांचे होते. तेव्हा गावाची सुरक्षितता आम्हाला शिकवू नका.

“मग आपल्याच वस्तीत राहा” हा सल्ला मला यापेक्षा जास्त विचार करायला लावतो, कारण मला इंदोऱ्याने वाचवले. उत्तर नागपूरचे नाव काढले की नागपूरच्या ‘चांगल्या’ भागातली माणसे नाक मुरडतात. “तिकडे? रात्री जाता येते का?” मी रात्री अकराला तिथल्या गल्लीतून एकटी चालत आले आहे आणि ओसरीवर बसलेल्या आज्यांनी “कोणाची गं तू?” विचारून चहा पाजला आहे. तो “कोणाची” प्रश्न आणि ब्रोकरचा “पूर्ण नाव?” यांत किती अंतर आहे ते राहिल्याशिवाय कळत नाही. आता तर २०२२ च्या डिसेंबरपासून इंदोरा चौकात मेट्रो थांबते आणि गाडी न बदलता खापरीपर्यंत जाता येते, म्हणजे मिहानमध्ये नोकरी लागलेल्या पोरांनी “लांब पडते” म्हणत लाजत दुसरीकडे खोली शोधायचे कारण उरलेले नाही.

पण एवढे सांगून मी थांबले तर अप्रामाणिकपणा होईल. वस्तीत राहणे ही निवड असेल तर ठीक. दुसरी दारे बंद म्हणून राहावे लागत असेल तर ते शहरातले गावकुसाबाहेरच आहे. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये स्वतंत्र वसाहतींसाठी सेटलमेंट कमिशन मागितले होते ते हक्क म्हणून, जमीन आणि सरकारी खर्चासह. उरलेल्या नाल्याकाठच्या जागेत दाटीवाटीने राहा असे त्यांनी सांगितले नव्हते. आणि आपल्या वस्तीतले घरमालक तरी काय करतात? मुस्लिम मुलगा खोली मागायला आला, आमच्याच गडचिरोलीकडचा गोंड किंवा परधान मुलगा आला, मातंग कुटुंब आले, तर किती जण सरळ हो म्हणतात? “शेजारी काय म्हणतील” हे वाक्य मी पंचशील म्हणणाऱ्या तोंडूनही ऐकले आहे.

ज्या सेवानिवृत्त काकांमुळे हा लेख लिहिते आहे, त्यांच्या नागपूरच्या घराचा वरचा मजला दोन वर्षे रिकामा आहे. फाटकावर पाटी आहे, ‘फक्त फॅमिली’. मागच्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या दोन मुली स्पर्धा परीक्षेच्या तयारीला नागपूरला गेल्या तेव्हा मीच त्यांना फोन केला होता. “कॉलनीतले लोक ऑब्जेक्शन घेतील गं, पोरी म्हटलं की जबाबदारी.” खरे कारण मला त्यांच्या आवाजातून कळले. त्या कॉलनीत त्यांनी पंधरा वर्षे हॅलो म्हणून काढली आहेत. दोन पोरी गॅलरीतून मोठ्याने जयभीम म्हणाल्या तर? काका, तुम्ही माझ्या वडिलांसारखे आहात, रागावू नका. पण तुम्ही त्या पोरीला जो सल्ला दिला तो तिच्या सुरक्षिततेसाठी नव्हता. तो तुमच्या पंधरा वर्षांना बरोबर ठरवण्यासाठी होता.

मग करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६६ साली शिकागोत घरांच्या प्रश्नावर मोर्चे काढले, त्यांच्यावर दगड पडले. १९६८ च्या एप्रिलमध्ये त्यांचा खून झाला आणि आठवड्याभरात फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली. तिथे कायदा कागदावर राहू नये म्हणून लोकांनी ‘टेस्टर’ उभे केले. एक काळा, एक गोरा, एकाच घराची चौकशी, दोघांना काय उत्तर मिळाले त्याची नोंद. १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा टेस्टरलाही दावा लावता येतो असे मान्य केले. थोरात सरांनी हेच इथे करून दाखवले. आपण का करू नये? नागपूर-पुण्यात आपल्या संघटना पुतळ्याच्या जयंतीला हजार माणसे जमवतात. त्यातल्या वीस जणांनी दोन-दोन फोन करायचे, एक स्वतःच्या नावाने, एक मित्राच्या. तारीख, नंबर, शब्द लिहून ठेवायचे. एवढ्याने क्रांती होणार नाही, पण कलम ४ खाली पहिली तक्रार लिहायला कागद तरी हातात येईल. शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी खाजगी विधेयक मांडले होते, ते पुढे गेले नाही. राखीव मतदारसंघातून निवडून गेलेल्या आपल्या खासदार-आमदारांनी त्या पाचशे रुपयांच्या दंडाबद्दल काय केले, हे पुढच्या वेळी मत मागायला आले की विचारा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. सांगितले की खोली बघताना पहिले माप ड्युटीचे. रात्रपाळी सुटल्यावर वीस मिनिटांत पोहोचता येईल अशा अंतरात बघ. खोली दिवसा आणि रात्री नऊनंतर अशी दोनदा बघ. डिपॉझिट रोख देऊ नको. करार नोंदणी केलेला पाहिजे, महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे, कोणी “कशाला खर्च” म्हणाला तर तो पुढे काय करेल ते समजून घे. पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर पूर्ण नाव लागतेच, मग ते पहिल्या फोनवरच का नको? नकार येईल तो पहिल्या दिवशी येऊ दे, सातव्या महिन्यात सामान रस्त्यावर येण्यापेक्षा बरा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, पण ते नाही म्हणतील तर कसं वाटतं?” मी खोटे बोलले नाही. वाईट वाटते म्हटले. पोटात खड्डा पडतो. पण साडी पिशवीत घालून जाताना वाटते त्याहून कमी वाटते.

तिने पुण्यात पूर्ण आडनाव सांगून फोन केले. तीन ठिकाणी नाही म्हणाले. एका ठिकाणी आधी हो म्हणून आडनाव ऐकल्यावर “भाचा येणार आहे” निघाला. पाचव्या ठिकाणी खोली मिळाली. दवाखान्यातल्या दोन नर्सबरोबर, एक केरळची, एक बीडची. भाडे ठरवलेल्यापेक्षा सातशे रुपयांनी जास्त आहे, त्यासाठी ती महिन्यात एक जास्तीची रात्रपाळी करते. करारावर तिचे पूर्ण नाव आहे.

त्या चारही नकारांच्या तारखा, वेळा आणि शब्द तिने एका वहीत लिहून ठेवले आहेत. ‘भाचा येणार’ म्हणणाऱ्यांना दोन दिवसांनी तिच्या बीडच्या मैत्रिणीने फोन केला तेव्हा खोली रिकामीच होती, तेही वहीत आहे. तक्रार पुण्यात द्यायची की जात वैधता समितीच्या प्रमाणपत्राची प्रत मिळाल्यावर मग द्यायची, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ खाली घर नाकारल्याचा खटला ज्या वकील बंधू-भगिनींनी चालवला असेल, त्यांनी जरूर कळवावे.

जयभीम.